साचा न मिळालेली विमानं

मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक मरुत लढाऊ विमान उभं आहे. शाळेच्या सहलीत मी ते पहिल्यांदा पाहिलं. बाकीची मुलं पुढे गेली, मी तिथेच रेंगाळलो, आणि बाईंनी दोनदा हाक मारल्यावर निघालो. घरी आल्यावर वहीच्या मागच्या पानावर त्याचं चित्र काढलं. बाजूने काढलेलं बरं जमलं. समोरून काढलेलंही ओळखता येण्याइतकं होतं. वरून मात्र काढता येईना. पंख अंगाला नेमके कुठे चिकटतात, कंबर कुठे बारीक होते, शेपटीकडे दोन इंजिनांमध्ये काय आहे, हे जमिनीवर उभ्या असलेल्या मुलाला दिसतच नाही. ते पान मी अर्धवट सोडलं.

पुढे विमानांची मॉडेलं करायचा नाद लागला आणि कळलं की असं अर्धवट पान पुष्कळांकडे असतं. प्रत्येकाचं विमान वेगळं, पण तक्रार एकच: हे मोठ्या मापात कुणी का काढत नाही? हे पुस्तक त्या तक्रारीतून जन्माला आलं. मोठ्या मापाचं प्लॅस्टिकचं किट ज्यांच्या वाट्याला आलं नाही आणि यायला हवं होतं असं आम्हाला मनापासून वाटतं, त्या विमानांची ओळख, मापं आणि आरेखनं यात एकत्र केली आहेत. वाचकाला मॉडेलिंगची ओळख असेलच असं धरलेलं नाही, म्हणून आधी मापांबद्दल.

विमानांच्या मॉडेलचं सगळ्यात रुळलेलं माप १/७२. सहा फुटांचा माणूस या मापात एक इंच उंच होतो, इतका सरळ हिशेब त्यामागे आहे. १९३६ साली ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने प्लॅस्टिकची पहिली विमान-किट आली तीही याच मापात. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं विमान लांबून ओळखता यावं म्हणून लाकडी नमुने करून घेतले गेले, अमेरिकेत तर शाळकरी मुलांकडून, आणि त्यांचं मापही १/७२ होतं. युद्ध संपल्यावर खेळण्यांच्या कारखान्यांनी ते पुढे चालू ठेवलं. १/४८ हे त्याहून मोठं. आणि मग १/३२ आणि १/२४, ज्यांना मॉडेलवाले मोठं माप म्हणतात. एअरफिक्स कंपनीने १९७० साली १/२४ मापातलं स्पिटफायर काढलं, तेव्हा टेबलावर ठेवायचं खेळणं आणि संग्रहालयातला नमुना यांच्यातलं अंतर एकदम कमी झालं.

मोठं म्हणजे नुसतं लांबीला मोठं नव्हे. १/७२ वरून १/३२ वर आलं की लांबी सव्वादोनपट होते, पण आकारमान अकरापटीहून जास्त वाढतं. १/७२ मध्ये वैमानिक अडीच सेंटिमीटरांच्या आतला, तोंडाच्या जागी रंगाचा एक ठिपका. १/३२ मध्ये तो साडेपाच सेंटिमीटरांचा होतो. त्याच्या खांद्यावरचे पट्टे दिसतात, समोरच्या घड्याळांतले काटे दिसतात, चाकांच्या कप्प्यातल्या हायड्रॉलिकच्या नळ्या एकेक करून बसवाव्या लागतात. लहान मापात विमानाचा आकार कळतो. मोठ्या मापात ते चालत कसं होतं, उघडत कसं होतं, मेकॅनिक कुठे हात घालत होता, हे कळतं. माझ्यापुरतं सांगायचं तर कॉकपिट रंगवताना वैमानिकाचा डावा हात थ्रॉटलवर किती अवघडून बसत असेल हे जसं समजतं तसं कुठल्याच पुस्तकाने मला समजावलेलं नाही.

पण मोठ्या मापात चुकीला लपायला जागा नसते. मॉडेलवरची एक मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या विमानावर बत्तीस मिलिमीटर. म्हणून कंपनीला साचा करण्याआधी नेमकी मापं लागतात. पोलादी साचा कोरायला प्रचंड पैसा लागतो आणि तो हजारो पेट्या खपल्याशिवाय वसूल होत नाही. साहजिकच कंपन्या ज्याच्यावर अनेक देशांची चिन्हं चिकटवता येतील असं विमान निवडतात. स्पिटफायर, मस्टँग, मेसरश्मिट १०९. एकाच साच्यातून पाच पेट्या निघतात आणि पाचही विकल्या जातात. कधी कुणा श्रीमंत वेड्याच्या हौसेने वेगळं काही घडतं. न्यूझीलंडचे चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांची विंगनट विंग्ज ही कंपनी २००९ पासून पहिल्या महायुद्धातली विमानं १/३२ मध्ये काढत होती, आणि ती इतकी अप्रतिम होती की इतर कुणी त्या वाटेला जाईना. २०२० मध्ये ती बंद पडली.

खपाचं हे कारण मला कित्येक वर्षं पुरेसं वाटत होतं. मरुत एकाच देशाने वापरलं, तीन स्क्वाड्रननी उडवलं, जगात ते कोण विकत घेणार? मग एकदा कुर्ट टांक या माणसाच्या विमानांची यादी करायला बसलो आणि ते कारण ढासळलं.

टांक हे जर्मनीतल्या फोके-वुल्फ कंपनीचे मुख्य रचनाकार. त्यांचं फोके-वुल्फ १९० सगळ्या मापांत मिळतं, १/२४ मध्येसुद्धा. तेही समजू शकतं, कारण हजारोंनी बनलेलं ते विमान. पण त्यांचं टीए १५२ बघा. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत आलं, शंभराच्या आतच बनलं, आणि तरीही जपानच्या झोउकेई-मुरा कंपनीने ते १/३२ मध्ये काढलं, पंखातल्या कण्या आणि इंजिनाच्या आतल्या भागांसकट. त्याच कंपनीने हॉर्टेन २२९ हे शेपटीविना जेटही १/३२ मध्ये दिलं. हॉर्टेन कुठल्याही स्क्वाड्रनमध्ये कधी आलंच नाही. इंजिनं लावून उडालेला एकमेव नमुना फेब्रुवारी १९४५ मध्ये कोसळला. आणि त्याच टांक यांनी बंगळुरूला बसून रचलेलं मरुत १४७ बनलं, युद्धात उतरलं, आणि त्याला मोठ्या मापात साचा नाही.

फरक कशाने पडला? हॉर्टेनचा अपुरा राहिलेला तिसरा नमुना अमेरिकनांनी उचलून नेला, तो आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. जर्मन विमानं युद्धानंतर जेत्यांनी मोजली, उघडली, त्यांचे अहवाल लिहिले, त्यांचे फोटो काढले. त्यावर पुस्तकं निघाली, पुस्तकांवरून आरेखनं, आरेखनांवरून साचे. एखाद्या अभियंत्याला जपानमध्ये बसून टीए १५२ च्या चाकाचा व्यास मिळतो. मरुतच्या चाकाचा व्यास त्याने कुठे शोधायचा? खप ही पुढची गोष्ट. त्याआधी विमान कागदावर उतरलेलं असावं लागतं, आणि आपली विमानं कागदावर फार थोडी उतरली आहेत. या पुस्तकाचा सगळा खटाटोप एवढ्या एका कारणासाठी आहे.

मरुतला यात सगळ्यात जास्त पानं मिळाली आहेत आणि त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही. टांक १९५६ साली अर्जेंटिनाहून हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या बंगळुरूच्या कारखान्यात आले. जेट लढाऊ विमान रचण्याचा अनुभव या देशात तेव्हा नव्हता. मग आधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर केलं गेलं, इंजिनाशिवायचं, आणि १९५९ पासून डकोटा विमानाच्या मागे दोर बांधून ते आकाशात नेऊन सोडलं जाऊ लागलं. मरुतची चाल, वळण, उतरणं आधी या लाकडी जुळ्या भावावर तपासलं गेलं. एखाद्या मॉडेलवाल्याला याहून जवळची गोष्ट कुठली वाटणार! १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी खरं मरुत पहिल्यांदा उडवलं.

नाव वेदांतल्या वादळदेवांचं. महाराष्ट्रात ज्याच्या देवळावाचून गाव नाही तो मारुती याच नावातून आलेला. पण या मरुताला हवं तेवढं बळ मिळालं नाही. टांक यांनी ते ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी रचलं होतं, ब्रिस्टल ऑर्फियसच्या आफ्टरबर्नर असलेल्या इंजिनावर भिस्त ठेवून. ते इंजिन पुरं झालंच नाही. मग साधं ऑर्फियस ७०३ दोन-दोन बसवलं गेलं आणि विमान सपाट उड्डाणात ध्वनीच्या वेगापाशी येऊन अडलं. पर्याय शोधण्यात वर्षं गेली. १९६७ मध्ये एक मरुत इजिप्तला नेऊन तिथल्या ई-३०० इंजिनाने उडवून पाहिलं गेलं. भारतातही आफ्टरबर्नर जोडून चाचण्या चालू होत्या, आणि तशाच एका विमानातून उडताना १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास गेले.

या इतिहासामुळे मरुतबद्दल बोलताना हळहळीचाच सूर लागतो. मला तो अपुरा वाटतो. १९७१ च्या डिसेंबरात राजस्थानच्या आघाडीवर दहाव्या आणि दोनशे विसाव्या स्क्वाड्रनची मरुतं रोज उडत होती. जमिनीलगत उडताना ते विमान दगडासारखं स्थिर राहायचं. गोळ्या लागून एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर परत यायचं. नाकात ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा, पोटात ५० रॉकेटांची पेटी. आणि दिसायला? बारीक कंबर, मागे ओढलेले पंख, एकही रेष जड नाही. लांबी १५.८७ मीटर, पंखांचा विस्तार ९ मीटर. म्हणजे १/३२ मध्ये जवळजवळ ५० सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद, साध्या लिहायच्या टेबलावर मावणारं. उघड्या धातूच्या झळाळीतलं सुरुवातीचं, हिरव्या-तपकिरी रंगातलं नंतरचं, दोन आसनांचं प्रशिक्षणाचं, इजिप्तला गेलेलं: एका साच्यातून किती पेट्या निघतील याचा हिशेब कुणीही करावा.

नॅटची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त बोचते. नॅटचं किट नाही असं नाही. पण पेटी उघडली की बहुतेक वेळा निघतं ते ब्रिटनच्या ‘रेड अ‍ॅरोज’ पथकाचं दोन आसनांचं प्रशिक्षण विमान. आपलं नॅट एका आसनाचं, लढाऊ. दोघांचं नाव एक, अंग वेगळं. प्रशिक्षण नॅट लांबीला मोठं, पंखही मोठे. १/७२ मध्ये हा फरक लहान राहतो आणि डोळ्याआड करता येतो. १/३२ मध्ये तो चांगलाच मोठा होतो, कापून-तासून भरून निघत नाही. १९६५ मध्ये पाकिस्तानच्या सेबर जेटना भिडलेलं, १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांनी एकट्याने लढवलेलं ते विमान. हवाई दलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्या दिवसाचं आहे. १/३२ मध्ये ते अवघं २८ सेंटिमीटरांच्या आसपास होईल. इतक्या लहान विमानाचा साचाही त्या मानाने लहानच लागेल, पण तो अजून कुणी कोरलेला नाही.

गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे. विमान पकडण्याआधी तास-दीड तास हाताशी असेल तर तिथे जावं. ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरचं सी हॉक आणि ब्रेगे अलिझे तिथे आहेत. सी हॉकचं इंजिन एकच, पण धूर मात्र दोन्ही बाजूंनी, पंखांच्या मुळाशी मागे निघतो, त्यामुळे शेपटीचा भाग इंधनाला मोकळा राहतो. हा आतला मार्ग दाखवणारं मोठं मॉडेल करायला मिळालं तर महिनाभर इतर काही सुचणार नाही. अलिझे अधिक दुर्लक्षित. पाणबुड्यांच्या मागावर जाणारं, तिघांना घेऊन उडणारं, पोटातून रडारचा घुमट खाली सोडणारं हे विमान फ्रान्स आणि भारत या दोनच नौदलांनी वापरलं. पंख दुमडले की त्याची उभी आकृती एखाद्या पाय मुडपून बसलेल्या बगळ्यासारखी होते. १९७१ मध्ये सी हॉक आणि अलिझे ‘विक्रांत’वरून उडून कॉक्स बझार आणि चितगावपर्यंत गेली. ती ‘विक्रांत’ २०१४ च्या अखेरीपासून मुंबईत तोडली गेली. जहाज मोजायची संधी संपली, विमानांची अजून आहे.

एचटी-२ चं प्रकरण वाचकांनी चाळून पुढे जाऊ नये. प्रशिक्षणाचं साधं, दोन आसनांचं, पंख्याचं विमान, त्यात तोफा नाहीत, युद्धकथा नाही. पण त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक मानले जाणारे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली जर्मनीत गॉटिंगेनला शिकून ते परतले आणि बंगळुरूला एचटी-२ रचलं. १९५१ साली ते उडालं. दीडशेहून जास्त बनली, काही घानाच्या हवाई दलानेही घेतली, आणि आपल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी आभाळाची पहिली ओळख त्यातूनच करून घेतली. टायगर मॉथ हे त्याच कामाचं ब्रिटिश विमान, आणि मॅचबॉक्स कंपनीने ते १/३२ मध्ये पूर्वीच काढलं होतं. कामाचा मान सारखाच असेल तर साचाही मिळायला हवा, असं म्हणण्यात मला काही वावगं दिसत नाही.

१ एप्रिल १९३३ ला कराचीला हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती चार वापिटी विमानांवर. दिल्लीच्या पालम संग्रहालयात एक वापिटी आहे, आणि ते मोजायला दिल्लीखेरीज दुसरीकडे जाता येणार नाही. सुदैवाने काही विमानांसाठी भांडावं लागत नाही. हंटर मिळतं. मॅचबॉक्सचं लायसँडर पुनःपुन्हा येत राहतं, आणि १९४२ मध्ये ब्रह्मदेशात करुण कृष्ण मजुमदार यांच्या तुकडीने उडवलेलं लायसँडर करायला त्यावर फक्त योग्य आकडे आणि चिन्हं लागतात. पुण्याला लोहगावी सहाव्या स्क्वाड्रनची लिबरेटर बॉम्बर होती, कानपूरला मोडीत काढलेल्या ढिगाऱ्यातून उचलून दुरुस्त केलेली. हॉबीबॉस कंपनीने लिबरेटर १/३२ मध्ये आणलं, म्हणून त्याचं प्रकरण आम्ही यातून काढून टाकलं. पूर्ण केल्यावर ते पंख पसरून एक मीटरहून रुंद होतं, घरात ठेवायचं कुठे हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.

आता या पुस्तकातल्या आरेखनांबद्दल. पूर्वी हौशी माणसाने केलेलं मोजमाप वहीतच राहायचं. आता एखादं विमान सगळ्या बाजूंनी ठराविक अंतराने फोटो काढून संगणकावर उभं करता येतं, आणि थ्री-डी प्रिंटरवर निदान कॉकपिट, चाकं, जेटचं तोंड एवढं तरी घरच्या घरी छापता येतं. पोलादाच्या साच्याशिवाय दहा-वीस प्रती काढणारेही आहेत. पण यातलं काहीही मोजलेल्या आकड्याशिवाय सुरू होत नाही. आम्ही परवानगी घेऊन, कुंपणाच्या बाहेरून किंवा आतून, जे मोजता आलं ते मोजलं. हाताने मोजलेला आकडा आरेखनात ठळक छापला आहे, फोटोवरून काढलेला बारीक, आणि छापील माहितीतून घेतलेला तिरप्या अक्षरात. तिन्हींची सरमिसळ केलेली नाही. उघड्यावर उभ्या असलेल्या विमानांचे रंग वेळोवेळी नव्याने दिले जातात, त्यात मूळ आकडे आणि सूचना झाकल्या जातात, म्हणून रंगाच्या बाबतीत विमानापेक्षा जुन्या फोटोला जास्त मान दिला आहे. टायरमधली हवा गेली की विमानाची उंची कमी भरते, हेही उंचीचे आकडे वाचताना लक्षात ठेवावं.

मरुतच्या पानांवर अंगाचे चौदा आडवे छेद दिले आहेत. त्यातल्या तेराव्यात, शेपटीच्या मुळाशी, दोन जेट-नळ्यांच्या मधली वरची रेघ तुटक ठेवली आहे. मुलगा असताना मला जी रेघ काढता आली नव्हती तीच ही. खालून घेतलेल्या कुठल्याच फोटोत ती पुरती येत नाही. जर्मनीत म्युनिकजवळ श्लाइसहाइमच्या हवाई संग्रहालयातही एक मरुत आहे. पुणे-मुंबईकडची कितीतरी मुलं आता त्या शहरात नोकरीला असतात. त्यांच्यापैकी कुणी तिथे गेलं, संग्रहालयाने परवानगी दिली आणि आठ फुटांची शिडी मिळाली, तर पंखाच्या मागच्या कडेपासून मागे दोन मीटरवर वरून एक सरळ फोटो घ्यावा, शेजारी उघडलेली मोजपट्टी ठेवून.